‘बॅटरी’त भरती झालेला मुलगा

गेल्या अंकात संपादकांनी एक चौकट टाकली होती : ‘तोफखान्याबद्दल विचारा, आमचे निवृत्त सुभेदार उत्तरं देतील.’ मला वाटलं, चार-पाच पत्रं येतील. आली ती रबर लावून बांधायला लागली, इतकी. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत.

आधी माझं सांगतो. १९८३ साली नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये रंगरूट म्हणून शिरलो, २०११ साली सुभेदार होऊन घरी आलो. माझा ट्रेड टेक्निकल असिस्टंट, म्हणजे टीए. तोफ डागणारा नव्हे, तोफेचं गणित मांडणारा. त्यामुळे या उत्तरांत शौर्य कमी आणि बेरीज-वजाबाकी जास्त निघाली, तर तो माझ्या ट्रेडचा दोष.

प्रश्न : मुलगा अग्निवीर होऊन तोफखान्यात लागला. फोनवर सारखं ‘आमची बॅटरी, आमची बॅटरी’ करतो. गल्लीत लोक म्हणतात, त्याला विजेचं काम दिलं असणार. खरं काय समजायचं? (एक वडील, निफाड)

काका, गल्लीला सांगा, ही बॅटरी चार्ज करायची नसते. सहा तोफा आणि त्या चालवणारी माणसं मिळून एक बॅटरी. पायदळात जशी कंपनी, तशी आमच्यात बॅटरी. तीन-तीन तोफांचे दोन ट्रूप, दोन ट्रूपची बॅटरी, तीन बॅटऱ्यांची रेजिमेंट. अठरा तोफा. त्याखेरीज एक हेडक्वार्टर बॅटरी असते. बॅटरीचा धनी मेजर, रेजिमेंटचा कर्नल.

पायदळवाले आपल्या युनिटला पलटन म्हणतात, आम्ही रेजिमेंट. पुढच्या फोनवर ‘तुझी पलटन कशी आहे रे?’ असं विचारू नका, पोरगं दोन मिनिटं तुम्हालाच शिकवत बसेल.

तीन बॅटऱ्या का, तर पायदळाच्या एका ब्रिगेडमध्ये साधारण तीन पलटणी असतात. एकेका पलटणीला एकेक बॅटरी जोडून दिलेली असते. लढाईत बॅटरीचा मेजर आपल्या तोफांजवळ नसतोच. तो पलटणीच्या सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाच्या, शेजारी बसतो. त्याचे कॅप्टन-लेफ्टनंट कंपन्यांबरोबर डोंगर चढतात, पुढून बघून तोफांना लक्ष्य सांगणाऱ्या या अधिकाऱ्यांना आम्ही ओपी म्हणतो. तोफा मागे दहा-पंधरा किलोमीटरवर, डोळे पुढे. म्हणून पायदळाची घरं आणि आमची घरं एकमेकांना धरून असतात. बडा खान्याला आमच्या पंगतीत त्यांचा सुभेदार मेजर हमखास दिसायचा.

मुलाला त्याचा ट्रेड विचारा. गनर, ड्रायव्हर, ऑपरेटर की टीए, त्यावर त्याचा दिवस कसा जातो ते ठरतं. आणि हो, त्याला ‘शिपाई’ म्हणू नका. आमच्याकडे पहिली पायरी गनर. एका तोफेवरची टोळी म्हणजे डिटॅचमेंट आणि तिचा म्होरक्या हवालदार, त्याला सगळे ‘नंबर वन’ म्हणतात. तोफेवर नंबर वनचा शब्द शेवटचा. कर्नल साहेब शेजारी उभे असले तरी.

प्रश्न : बातम्यांत वाचलं, की २८ सप्टेंबर हा तुमचा ‘गनर्स डे’. या तारखेचा मुंबईशी काही संबंध आहे का? आणि क्रिकेटमधला ‘गोलंदाज’ तुमच्याकडून आला की त्यांच्याकडून तुमच्याकडे? (पुणे)

संबंध आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मनापासून आवडतं. २८ सप्टेंबर १८२७ रोजी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत एक तुकडी उभी राहिली, तिचीच पुढे ५ बॉम्बे माउंटन बॅटरी झाली. आजच्या तोफखान्यातलं हे सर्वांत जुनं, अखंड चालत आलेलं युनिट, म्हणून रेजिमेंटचा वाढदिवस तिच्या वाढदिवशी. आणि ती तुकडी ज्या बटालियनमध्ये होती, तिचं नावच मुळी गोलंदाज बटालियन! देशी तोफचीला गोलंदाजच म्हणत. क्रिकेटवाल्यांनी शब्द आमचा उचलला. परत मागायची इच्छा नाही, पण बुमराह धावत येतो तेव्हा मी घरात हा हिशेब बोलून दाखवतो आणि नातू टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्याच्याही आधी पेशव्यांचा तोफखाना होताच. त्याची सरदारकी पानशांकडे. सासवडजवळच्या सोनोरीला त्यांचा वाडा आहे आणि वर मल्हारगड. पुण्याचे असून गेला नसाल, तर एका रविवारचं काम आहे.

१८५७ नंतर इंग्रजांनी एक गोष्ट पक्की केली : हिंदी माणसाच्या हातात तोफ द्यायची नाही. थोड्या माउंटन बॅटऱ्या तेवढ्या ठेवल्या. त्यांच्या तोफा लहान, सुट्या करून खेचरांवर लादायच्या. ३.७ इंची हॉविट्झर तर आठ खेचरांवर जायची. मोठी मैदानी तोफ पुन्हा आपल्या लोकांच्या हाती आली ती १५ जानेवारी १९३५ ला, बंगळुरात ‘ए’ फील्ड ब्रिगेड उभी राहिली तेव्हा. मधली पाऊणशे वर्षं आमचे पूर्वज खेचरांच्या मागे चालत होते. जुन्या माउंटनवाल्यांचे किस्से आमच्या उस्तादांनी आम्हाला सांगितले, त्यांत साहेबापेक्षा खेचराचं नाव आधी यायचं.

प्रश्न : पायदळाच्या पलटणींना निशाण असतं, ‘कलर्स’ म्हणतात. तोफखान्याचं निशाण कसं असतं? वर्गात मुलांना सांगायचं आहे. (शिक्षक, सातारा)

गुरुजी, नसतंच. आमची तोफ हेच आमचं निशाण. जो मान पलटणीत ध्वजाला, तो आमच्याकडे तोफेला. नव्या गनरची कसम परेड होते, तेव्हा समोर तोफा उभ्या असतात. तोफेच्या दांड्यावर पाय ठेवून बूट बांधणारा रंगरूट मी एकदाच पाहिला. पुन्हा त्याने कुठल्याच दांड्यावर पाय ठेवला नाही.

मुलांना गोष्ट सांगायची असेल तर हवालदार उमरावसिंगांची सांगा. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कलादान खोरं. पुढे ठेवलेल्या एका तोफेचे ते नंबर वन. जपानी लाटेमागून लाट आले. हातबॉम्बच्या दोन जखमा झाल्या तरी ते टोळीला सांभाळत राहिले. दारूगोळा संपला. तोफ फिरवायला एक जाड पहार असते, हँडस्पाइक. तीच उचलून ते भिडले. सहा तासांनी आपली माणसं तिथे पोचली, तेव्हा ते तोफेजवळ निपचित पडले होते. अंगावर सात मोठ्या जखमा, भोवती दहा जपानी मरून पडलेले. तोफ शाबूत होती आणि त्याच दिवशी ती पुन्हा चालली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे हरियाणात झज्जरकडे आपल्या गावी ते शेती करत राहिले आणि २००५ साली गेले. मुलांना विचारा, त्यांनी पहार का उचलली, पळाले का नाहीत? ‘निशाण’ हा शब्द फळ्यावर लिहायची गरज उरणार नाही.

बोधवाक्यही फळ्यावर लिहा : ‘सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल’. सगळीकडे मान आणि कीर्ती. इंग्रजांच्या तोफखान्याचा ‘युबिक्वी’ हा लॅटिन शब्द, त्याचं ‘सर्वत्र’ झालं. एक शब्द संस्कृत, बाकीचे अरबी-फारसी, आणि टोपीच्या बिल्ल्यावर सगळे एकत्र नांदतात. पायदळाच्या ‘बॅटल ऑनर’ऐवजी आमच्या युनिटला ‘ऑनर टायटल’ मिळतं, म्हणजे लढाईचं गाव नावामागे लागतं : झोजिला, असल उत्तर, कारगिल.

प्रश्न : डोंगरापलीकडचं दिसत नसताना तोफेचा गोळा नेमका कसा पडतो? अंदाजाने मारता का? (कोल्हापूर)

दादा, अंदाजाने मारणाऱ्याला आमच्याकडे पिठ्ठू मिळतो. पिठ्ठू म्हणजे पाठीवर सामान बांधून पळवणं. मला तो एकदा मिळालाय, पुढे सांगतोच.

आधी कोन. तुम्ही वर्तुळाचे ३६० अंश करता, आम्ही ६४०० भाग करतो. एका भागाला मिल म्हणतात. सोय अशी की एक मिल चुकलात तर एक किलोमीटरवर साधारण एक मीटर चुकता, दहा किलोमीटरवर दहा. तोंडी हिशेब होतो. तोफेसमोर दोन रंगीत काठ्या रोवलेल्या असतात, एमिंग पोस्ट. तोफेवर डायल साइट नावाची दुर्बीण. नेम धरणारा गनर शत्रूकडे बघतच नाही. तो त्या दोन काठ्या एका रेषेत आणतो, डायलवर आम्ही दिलेला आकडा लावतो आणि ओरडतो, ‘रेडी’. उभ्या आयुष्यात त्याने आपला गोळा पडताना पाहिलेला नसतो. मी कित्येक गनर पेन्शनला जाताना पाहिले, त्यांनी शेवटपर्यंत पाहिल्या त्या दोन काठ्याच.

आकडा काढायचा तो आम्ही, कमांड पोस्टमध्ये. लक्ष्याची जागा, उंचीतला फरक, वारा, हवेचा दाब, चार्जच्या, म्हणजे गोळा फेकणाऱ्या दारूचं तापमान, नळी किती झिजली, सगळं त्यात. नळीच्या आटे पाडलेल्या खाचांमुळे गोळा उजवीकडे गिरकी घेत जातो आणि थोडा उजवीकडे सरकतो, तेही. लांबच्या पल्ल्याला तर पृथ्वीचं फिरणंही हिशेबात धरतात. १९९९ ला द्रासच्या बाजूला आम्ही बोफोर्स घेऊन होतो. तिथली हवा इतकी विरळ, की मैदानातल्या कोष्टकाप्रमाणे मारलं तर गोळा पुढे जायचा. पहिले काही दिवस आम्ही कोष्टकाशी भांडत होतो.

मग ओपीचं काम. पहिला गोळा पडतो, ओपी वायरलेसवर सांगतो, ‘राइट १००, ऍड ४००’. दुसरा पलीकडे पडतो, तो म्हणतो, ‘ड्रॉप २००’. एक अलीकडे, एक पलीकडे, आणि दर वेळी अंतर अर्धं. जमलं की सगळी बॅटरी एकदम. तोफ उडाली की आम्ही ‘शॉट’ म्हणतो आणि गोळा पडायच्या काही सेकंद आधी ‘स्प्लॅश’, म्हणजे ओपीने डोकं वर काढून बघावं. लांबच्या पल्ल्याला या दोन शब्दांत मिनिटभर जातं. त्या मिनिटात कमांड पोस्टमध्ये कुणी बोलत नाही.

तोफेलाही न जमणारी गोष्ट असते. तिला आम्ही क्रेस्ट म्हणतो, मधली धार. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतानसिंगांची १३ कुमाऊंची कंपनी लढली, ती तोफांच्या मदतीविना. आपल्या तोफा आणि ती खिंड यांच्यामध्ये डोंगर आडवा होता. आम्हाला रंगरूट असताना हा धडा नकाशावर काढून शिकवला होता. उस्तादांनी पेन्सिलने ती धार काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता माझा पिठ्ठू. नियम असा, की आकडा दोन टीए वेगवेगळा काढतात आणि जुळला तरच तोफेला जातो. वाळवंटातल्या एका रेंजवर दुपारी दोनची वेळ, ऊन असं की स्लेट हातात धरवत नव्हती. मी माझं काढलंच नाही. शेजारच्या पोराच्या स्लेटवर नजर टाकली आणि म्हणालो, ‘चेक’. त्याने चार्जचा रकाना चुकीचा धरला होता. गोळा सहाशे मीटर अलीकडे, मोकळ्या वाळूत पडला. वायरलेसवर ओपी साहेबांचा आवाज आला, अगदी शांत : ‘ये गोला किसका है?’ कुणाला लागलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. आठवडाभर पिठ्ठू घेऊन पळालो. पण पुढे सव्वीस वर्षं शेजारच्याच्या स्लेटकडे पाहिलं नाही. घरच्या वाणसामानाची यादीसुद्धा बायकोने एकदा आणि मी एकदा, अशी वेगवेगळी बेरीज होते. ती याला विक्षिप्तपणा म्हणते.

प्रश्न : परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद तुमच्याच तोफखान्याचे ना? (परभणी)

नाही. ते ४ ग्रेनेडियर्सचे, म्हणजे पायदळाचे. १९६५ ला खेमकरणच्या उसाच्या शेतांत त्यांनी जीपवरच्या रिकॉइललेस गनने पॅटन रणगाडे फोडले. ती गन पायदळाकडेच असते. आजवर एकवीस परमवीर चक्रं दिली गेली, तोफखान्याच्या वाट्याला एकही नाही. मला कुणी विचारलं तर सांगतो, आमचं काम दुसऱ्याची लढाई जिंकून देणं. कारगिलला अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं तोफखान्याने टाकली, मग वर झेंडा पायदळाने लावला. २०२२ साली मात्र द्रासच्या पॉइंट ५१४० ला ‘गन हिल’ असं नाव दिलं. ते वाचलं त्या दिवशी मी पेढे वाटले. सोसायटीत लोकांना वाटलं, नातीचं लग्न ठरलं.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुलींना तोफखान्यात जाता येतं का? (जळगाव)

येतं. २९ एप्रिल २०२३ ला चेन्नईच्या ओटीएमधून, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या अकादमीतून, पहिल्या पाच मुली अधिकारी म्हणून तोफखान्यात आल्या. तू पदवीच्या शेवटच्या वर्षात सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा दे, अर्जात ओटीएचा पर्याय भर. एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर वेगळी वाट आहे, कॉलेजच्या एएनओंना, म्हणजे एनसीसी बघणाऱ्या प्राध्यापकांना विचार. जवान म्हणून मुलींची भरती सध्या लष्करी पोलिसांत होते, तोफखान्यात नाही. गणित चांगलं ठेव ताई. बाकी ताकदीचं काम शिकवतात.

प्रश्न : २६ जानेवारीला २१ तोफांची सलामी देतात, तेव्हा खरे गोळे कुठे पडतात? (नातवाच्या वतीने आजोबा, सोलापूर)

कुठेच नाही. कोरे बार असतात, आवाज आणि धूर तेवढा. राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत एकवीस बार बसवायचे, त्यामुळे हातात घड्याळ धरून उभा असलेला माणूस सर्वांत घाबरलेला असतो. पूर्वी ही सलामी इंग्रजांच्या काळातली २५-पौंडर द्यायची, २०२३ पासून आपली १०५ मिलिमीटरची इंडियन फील्ड गन देते.

प्रश्न : आम्ही देवळालीजवळ नवीन घर घेतलं. अधूनमधून खिडक्या थरथरतात. तक्रार कुठे करायची? (एक गृहिणी, भगूर)

ताई, आर्टिलरी स्कूल इथे १९४१ पासून आहे, तुम्ही कधीपासून? रागावू नका, मीही तुमच्याच बाजूला राहतो. आंबेबहुल्याकडच्या रेंजवर फायरिंग असलं की आमच्या कपाटातले स्टीलचे पेले वाजतात. बहुल्याच्या किल्ल्यावरही म्हणूनच परवानगीशिवाय जाता येत नाही. घर पक्कं असेल तर काळजी करू नका, काचेच्या कडेला रबराची पट्टी बसवून घ्या.

आणि पाहुण्यांना सांगायला एक गंमत : इंग्रजीत वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द तुमच्या देवळालीवरून गेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर इथल्या कॅम्पात पडून असत, त्यात काहींची डोकी फिरत. पूर्ण शब्द ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप.

प्रश्न : माझे मिस्टर तोफखान्यातून निवृत्त झाले. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजारी दार वाजवतात. हळू बोललं तर ‘काय?’ आणि मोठ्याने बोललं तर ‘ओरडतेस का?’ काय करावं? (अहिल्यानगर)

वहिनी, हे पत्र मी घरात कुणाला दाखवलं नाही.

हा आमचा जुना आजार. आमच्या वेळी कानात कापसाचा बोळा घालायचो, तोही धड नाही, कारण हुकूम ऐकू यायला हवा. तोफेचा दणका आधी बारीक, चिरके आवाज खातो. म्हणून भावजींना तुमचा आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. ‘पाच’ म्हणालात की ‘सात’, हेच कळत नाही. त्यांना ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये न्या, कानाची तपासणी मागा, मशीनला लाजू नका म्हणावं. आणि बोलताना समोर येऊन बोला, ओरडू नका. त्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा बरा असतो, तो कोणता ते जेवताना कोणत्या बाजूला वळतात त्यावरून ओळखा. माझा उजवा.

मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, मोबाइलची रिंग नाही, पाखरं तर गेलीच. पण बहुल्याच्या बाजूने तोफ उडाली की छातीत कळतं. परवा सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत होतो. पहिला दणका आला. मी म्हणालो, ‘ही १०५.’ थोड्या वेळाने दुसरा. ‘ही बोफोर्स.’ बायको आतून म्हणाली, ‘आणि ह्या कुकरच्या सहा शिट्ट्या. तीनला बंद करायला सांगितला होता.’